किनारा राखणारा सरखेल

बीड जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही. दिसण्याची गोष्ट सोडा, बालाघाटाच्या डोंगरावर पडलेला पाऊससुद्धा पश्चिमेच्या समुद्राला मिळत नाही. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला, आणि गोदावरी ते पाणी पार पूर्वेला बंगालच्या उपसागरात नेऊन सोडते. तेव्हा कोकणचा किनारा कोणी राखला आणि कोणी घालवला, हा काही आपला विषय नव्हे, असे आपल्याकडच्या माणसाला वाटले तर नवल नाही. मलाही तसेच वाटत असे. पुढे बँकेतल्या नोकरीत बदली होऊन अलिबागला गेलो आणि एका ओहोटीला ओल्या वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यात पोचलो. या एवढ्याशा जागेवरून एका माणसाने इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी अशा तिघांना तीस वर्षे दाद दिली नाही, ती कशाच्या बळावर, हा प्रश्न तेव्हा प्रथम मनात आला.

तो माणूस म्हणजे कान्होजी आंग्रे. जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. घोड्यावर वाढलेल्या या राजाने समुद्राचे मोल फार लवकर ओळखले होते. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तट उभा राहू लागला. कान्होजी वाढले ते याच वातावरणात, हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाच्या सावलीत. सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदार फितूर होतो आहे हे कळताच तरुण कान्होजींनी त्यालाच कैद करून किल्ला लढवला, अशी कथा सांगतात.

काळ मोठा कठीण होता. १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज दूर जिंजीला गेले आणि औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसला. घाटावरचे गड एकामागून एक पडत होते. अशा दिवसांत सिधोजी गुजरांच्या मागून १६९८ मध्ये आरमाराची सरखेली कान्होजींकडे आली. खजिन्यातून पैसा येण्याची आशा नव्हती. किनारा राखायचा आणि त्याचा खर्चही किनाऱ्यावरूनच उभा करायचा, अशी ती नेमणूक होती.

आयुष्यभर जमाखर्च पाहिलेल्या माझ्यासारख्याला कान्होजींचे खरे कर्तृत्व इथे दिसते. त्यांनी दस्तकाची पद्धत बसवली. या पाण्यातून व्यापारी जहाज न्यायचे तर सरखेलाचा परवाना घ्यायचा, त्याचा पैसा भरायचा. मग त्या जहाजाला धक्का लागायचा नाही. परवाना नसेल तर माल जप्त. यात नवे काही नव्हते. पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करीत आले होते, तेही सात समुद्र ओलांडून येऊन. पण स्वतःच्या किनाऱ्यावर एका मराठ्याने तोच हक्क सांगताच इंग्रजांच्या दप्तरात तो चाचा ठरला. या उत्पन्नावर गलबते बांधली गेली, दारूगोळा आला, खलाशांचे पगार भागले. किनाऱ्याच्या रक्षणाचा खर्च व्यापार देत होता आणि त्या रक्षणामुळेच व्यापार टिकत होता.

त्यांची जहाजेही किनारा ओळखून बांधलेली होती. गुराब आणि गलबते इंग्रजांच्या जहाजांपेक्षा लहान, उथळ पाण्यात चालणारी. वारा पडला की मोठे शिडाचे जहाज जागच्या जागी खिळते. वल्ह्यांची गलबते अशा वेळी मागच्या बाजूने येऊन भिडत. वारा फिरला की ती खाडीत शिरत, जिथे मोठ्या जहाजाचा तळ टेकतो. खाड्या, खडक, भरती-ओहोटीच्या वेळा यांची माहिती कोळी-भंडाऱ्यांना पिढ्यान्पिढ्यांची होती. कान्होजींनी तिचे आरमार केले.

१७१२ मध्ये त्यांच्या गलबतांनी मुंबईच्या गव्हर्नरची खासगी नौकाच पकडली. तिच्यावरच्या एका इंग्रज स्त्रीचा नवरा चकमकीत ठार झाला. तिला पुढे तीस हजार रुपयांची खंडणी घेऊन सोडण्यात आले. मुंबईकर इंग्रजांनी तह केला. इकडे घरातही भाऊबंदकी पेटली होती. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले! तेव्हा बाळाजी विश्वनाथ पुढे आले. ते मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे किनाऱ्याचेच. त्यांनी लढाई टाळून समजूत घातली. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले आणि सरखेली व आरमारी किल्ले त्यांच्याकडेच राहिले. घाट आणि किनारा यांचे पुन्हा एक झाले.

त्याची फळे लवकरच दिसली. १७१५ च्या अखेरीस आलेल्या गव्हर्नर बून याने मुंबईला तटबंदी घातली; तीत आंग्र्यांच्या धास्तीचाही वाटा होता. तो तट १८६० च्या दशकात पाडला गेला, पण त्याच्या एका दरवाजाचे नाव चर्चगेट स्टेशनाला अजून आहे. बूनने विजयदुर्गावर आरमार पाठवले, ते हात हलवत परत आले. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२० मध्ये तरंगता तोफखाना घेऊन पुन्हा विजयदुर्गावर गेले, तेही व्यर्थ. मग १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर चालून आले. त्यांच्याबरोबर कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाची चार जहाजे होती. त्या वेळी तरुण बाजीराव घोडदळ घेऊन घाट उतरून आले. समोर किल्ला, पाठीशी मराठी घोडे, अशा कात्रीत सापडून हा हल्लाही मोडला आणि पोर्तुगिजांनी परस्पर तह केला. १७२४ मध्ये डच विजयदुर्गावर आले आणि तसेच परतले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. जिवंत असेतो त्यांचा समुद्र कोणी घेऊ शकले नाही.

पुढची हकीकत वाईट आहे, पण ती सांगितल्यावाचून कान्होजींचे मोल कळत नाही. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि संभाजी व मानाजी या भावांत तंटा लागला. पेशव्यांनी तो मिटवला, पण दौलतीचे दोन तुकडे करून. पुढे विजयदुर्गाकडे तुळाजी आले. ते शूर होते, पण पेशव्यांना जुमानीत नव्हते. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी बाजीरावांचे पुत्र नानासाहेब पेशवे यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, आणि चार पिढ्यांनी उभे केलेले आरमार बंदरातच जळून गेले. पेशव्यांची फौज जमिनीच्या बाजूने वेढा देऊन होती. उद्दाम सरदाराला शिक्षा झाली खरी, पण तारण ठेवलेली वस्तूच जाळून कर्ज वसूल करावे तसा तो व्यवहार होता.

इथे आपला बीड जिल्हा येतो. विजयदुर्गानंतर सातच वर्षांनी, १७६३ मध्ये, गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाचा मोठा पराभव केला. गोदाकाठी ही फत्ते झाली तेव्हा मराठ्यांची जमिनीवरची ताकद शाबूत होती. पण मुंबई बंदरात इंग्रजांची माणसे, तोफा आणि पैसा उतरत होता, आणि त्याला अडवणारे कोणी उरले नव्हते. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावांना पुणे सोडून पळावे लागले, तेव्हा पेशवा कोकणच्या किनाऱ्यावरून वसईस गेला तो इंग्रजांच्या जहाजातून. तिथे त्याने जो तह केला, त्याने स्वातंत्र्यच गहाण पडले. १८१८ मध्ये राज्य गेले, ते घाटावरच्यांचेही गेले.

हे जुने झाले म्हणावे, तर तसेही नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांतली स्फोटके दिघी आणि शेखाडीला, म्हणजे बाळाजी विश्वनाथांच्या श्रीवर्धनच्याच परिसरात, उतरवली गेली. २००८ चे हल्लेखोरही समुद्रातूनच आले. आज मुंबईतला नौदलाचा तळ आंग्र्यांचे नाव सांगतो, खांदेरीचे दीपगृहही कान्होजींच्याच नावाचे आहे, आणि २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले. हा मान योग्यच आहे. पण कान्होजींचा किनारा नावांनी आणि तटांनी राखला गेला नव्हता. तो राखला गेला खाडी ओळखणाऱ्या कोळ्यांनी, वेळेवर मिळणाऱ्या पगाराने आणि घाटावरून आलेल्या मदतीने.

समुद्र न पाहिलेल्या माणसाने लक्षात ठेवायचे ते एवढेच. १७२१ मध्ये कुलाबा वाचवायला जे घोडे उतरले, ते घाटावरचे होते. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडताना बघत उभे राहिले, तेही घाटावरचेच होते.