साखवाळचे धर्मानंद लेनिनग्राडात

धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्यातल्या साखवाळचे. जन्म १८७६ चा. शाळा जेमतेम. पण बुद्धाचं वेड असं लागलं, की १८९९ मध्ये घर सोडलं आणि नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घालून पाली शिकले. पुढे पार अमेरिकेत हार्वर्डला पोचले.

१९१७ मध्ये रशियात झारशाही कोसळली, बोल्शेविकांचं राज्य आलं. झारांच्या जुन्या राजधानीत, लेनिनग्राडला, १९२९ मध्ये कोसंबी पाली शिकवायला गेले. कष्टकऱ्यांची समता त्यांना पटली. त्यासाठीचा रक्तपात नाही पटला. मायदेशी परतले ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. समाजवादाला बुद्धाच्या अहिंसेची जोड हवी, हेच ते मांडत राहिले. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्न सोडून त्यांनी देह ठेवला. मुलगा दामोदर मात्र मार्क्सच्या वाटेनं इतिहासाकडे गेला.