डॉक्टर जॉन स्नो

गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत लंडन शहरीं पटकीनें हजारों माणसें मेलीं. घाणीपासून उठणारी दूषित हवा हेंच या रोगाचें मूळ, असा त्या वेळच्या बहुतेक वैद्यांचा समज होता. घरोघर फिरून केलेल्या मोजदादीनें ज्यांनीं हा समज हलविला, त्या डॉ. जॉन स्नो यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजीं यॉर्क येथें एका मजुराच्या घरीं झाला. चौदाव्या वर्षीं ते न्यूकॅसल येथील एका वैद्याजवळ उमेदवारीस राहिले. १८३१ सालीं तिकडे पटकी आली, तेव्हां कोळशाच्या खाणींतील मजुरांची शुश्रूषा करण्यास या अठरा वर्षांच्या मुलास जावें लागलें. पुढें लंडनमध्यें क्लोरोफॉर्म देण्यांत त्यांनीं नांव मिळविलें. १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणांत तें त्यांनींच दिलें. परंतु पटकी त्यांच्या मनांतून गेली नाहीं.

हा रोग पाण्यावाटे पोटांत जातो, असें त्यांनीं १८४९ सालीं प्रसिद्ध केलें. तें फारसें कोणीं मानलें नाहीं. १८५४ सालीं सांथ पुन्हां उसळली. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा त्यांच्या सांगण्यावरून काढल्याची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. तथापि तेथील सांथ त्याआधींच ओसरूं लागली होती. आमच्या मतें त्यांचें खरें मोठें काम थेम्सच्या दक्षिण तीरावर झालें.

तेथें दोन कंपन्या नळाचें पाणी पुरवीत. लँबेथ कंपनी १८५२ पासून शहराच्या बरीच वर, स्वच्छ प्रवाहांतून पाणी घेई. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराचा मैला मिसळलेलेंच पाणी देत राहिली. पुष्कळ गल्ल्यांतून दोहोंचे नळ शेजारीं शेजारीं गेले होते. वस्ती तीच, हवा तीच. फरक काय तो पाण्याचा! स्नो मृत्यु घडलेल्या घरीं स्वतः जात. पाणी कोणाचें हें भाडेकऱ्यास पुष्कळदां सांगतां येत नसे. मग ते तें कुपींत घेऊन त्यांत सिल्व्हर नायट्रेट टाकीत. सदर्कच्या पाण्यांत मीठ फार, म्हणून पांढरा सांका दाट येई.

नुसते मृत्यु मोजून भागत नाहीं. किती घरांमागें किती, हें पाहावें लागतें. सांथीच्या पहिल्या सात आठवड्यांत सदर्कच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यु झाले, लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागें एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७. विद्यार्थ्यांनीं हा भागाकार स्वतः करून पाहावा.

हें सर्व त्यांनीं १८५५ सालीं पदरमोड करून पुस्तकरूपानें छापलें. प्रती थोड्याच खपल्या. १६ जून १८५८ रोजीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं ते वारले. सरकारी मृत्युनोंदींचे जाणते विल्यम फार हे प्रथम हवेचेच पक्षपाती होते. त्यांनींच १८६६ सालीं पूर्व लंडनच्या सांथींत स्नो यांची रीत धरून एका पाणी-कंपनीचा दोष उघडकीस आणला.