हवालदार गोपाळबुवा वलंगकर

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली हे पूर्वी लष्करी छावणीचे ठिकाण होते. म्हणूनच त्यास काप दापोली असे नाव पडले. मुंबई फौजेतील पुष्कळ महार शिपाई पेन्शन घेऊन तेथे वस्ती करीत. त्यांपैकी एका हवालदाराचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

गोपाळबुवा हे महाडाजवळील रावढळ गावचे. गावात ज्यांचा स्पर्श विटाळ मानीत, त्यांच्या मुलांस पलटणीत बंदूक, कवाईत व अक्षरओळख प्राप्त होई. युद्धात त्यांनी प्राणही वेचले. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे भीमेकाठच्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी महारांचा 'नाक' हा शब्द आढळतो.

१८८६ साली बुवा पेन्शनीत निघून दापोलीस राहिले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला होता. त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापिली, वर्तमानपत्रांतून लेख लिहिले, आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' या पुस्तिकेत अस्पृश्यता मानणाऱ्यांस २६ प्रश्न घातले.

इतक्यात लष्कराचेच दार बंद झाले. अमुक जाती लढवय्या व अमुक नव्हेत, असे मत वरिष्ठ अधिकाऱ्यांत बळावले होते. पलटणी जातवार बांधण्यात येऊ लागल्या, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. ज्यांच्या बापांनी हुद्दे मिळविले, त्यांच्या मुलांस शिपायाची जागाही मिळेना. चाकरीबरोबर मुलांची शाळा व घरची पेन्शनही जाऊ लागली.

तेव्हा १८९४ साली बुवांनी भरती पुन्हा सुरू करण्याविषयी अर्ज लिहिला, व आपले लोक मूळचे क्षत्रिय होत असे त्यात प्रतिपादिले. पुढील वर्षी महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, ती उच्चवर्णीय सभासदांस रुचली नाही. त्यांच्या शेजारी बसणेही त्यांस जड वाटले. १९०० साली बुवा निवर्तले. भरती तेव्हा बंदच होती.

पहिल्या महायुद्धात शिपायांची गरज पडली, तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभारिली. युद्ध सरताच १९२१ साली ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगावास महार रेजिमेंट स्थापन झाली. अमेरिकेतही काळ्या शिपायांस दोन्ही महायुद्धांत वेगळ्या पलटणींत ठेवीत. तो भेद मोडण्याचा हुकूम १९४८ साली निघाला. संकटसमयी बोलवावे व संकट टळताच दूर लोटावे, ही रीत कोण्या एका देशाची नव्हे.

वाचकहो, शौर्याने मिळालेला मान दुसऱ्याच्या मर्जीवर राहिला, तर तो एका हुकुमाने जातो, हे बुवांनी डोळ्यांदेखत पाहिले. म्हणून बंदूक खाली ठेविल्यावर त्यांनी लेखणी उचलली. पलटणीने शिकविलेले अक्षर मात्र त्यांजपासून कोणास काढून घेता आले नाही. आपल्या मुलामुलींस शाळेत धाडताना हे स्मरणात असावे.