रुग्णाशेजारी खुर्ची ओढून बसलेली परिचारिका : हिल्डगार्ड पेप्लाऊ



आपल्या धर्मग्रामात नर्स नाही असे कुटुंब शोधायला गेलो, तर बरेच फिरावे लागेल. कुणाची मुलगी मुंबईच्या इस्पितळात आहे, कुणाची सून आखातात, तर कुणाची मावशी नुकतीच निवृत्त झाली आहे. इंजेक्शन देणारी, जखम बांधणारी, रात्रपाळीत वॉर्ड सांभाळणारी नर्स आपण सारे ओळखतो. परंतु ज्याचे मन आजारी आहे, त्याच्याजवळ नर्सने काय करायचे असते? तिथे बांधायला जखम दिसत नाही. औषध दिल्यावरही माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. अशा वेळी त्याच्याशी बोलायचे की नुसते जवळ थांबायचे? समजावायचे की ऐकून घ्यायचे? ह्या प्रश्नाला आपले सारे आयुष्य देणाऱ्या एका स्त्रीची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

हिल्डगार्ड पेप्लाऊ यांचा जन्म १ सप्टेंबर १९०९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, रेडिंग ह्या गावी झाला. आईवडील जर्मन वंशाचे, बाहेरून येऊन स्थायिक झालेले. सहा भावंडांत हिल्डगार्डचा नंबर दुसरा. वडील कष्टाळू, पण निरक्षर. आई शिस्तीची, सगळे नीटनेटके हवे असणारी. मुलींनी पुढे शिकावे असा विचार त्या घरात नव्हता.

१९१८ साली फ्ल्यूची महाभयंकर साथ आली, तेव्हा हिल्डगार्ड नऊ वर्षांची होती. तापाच्या भ्रमात माणसे कशी वागतात, भीतीने आणि मृत्यूने कुटुंबे कशी हादरतात, हे तिने त्या कोवळ्या वयात पाहिले. आजार शरीराला होतो तेव्हा मनही त्यातून सुटत नाही, ही जाणीव तिच्यात तेव्हापासून रुजली.

त्या काळी साधारण घरातील मुलीला बाहेर पडण्याचे मोजकेच मार्ग होते. त्यांतला एक नर्सिंगचा. पॉट्सटाऊन येथील नर्सिंग स्कूलमधून त्या १९३१ साली उत्तीर्ण झाल्या. पुढे काही वर्षे त्यांनी इस्पितळात नोकरी केली, आणि मग व्हरमाँट राज्यातील बेनिंग्टन कॉलेजच्या आरोग्य विभागात त्यांना काम मिळाले. कॉलेजच्या मुलींना औषध देता देता त्या स्वतः तिथल्या विद्यार्थिनी झाल्या. १९४३ साली, चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी मानसशास्त्रातील पदवी मिळवली.

ह्याच वर्षांत त्यांना एरिक फ्रॉम आणि फ्रीडा फ्रॉम-राइखमान ह्यांच्यासारखे शिक्षक लाभले. मेरीलँडमधील चेस्टनट लॉज ह्या खाजगी मनोरुग्णालयात त्यांना काही काळ अनुभव घेता आला. तिथे हॅरी स्टॅक सलिव्हन ह्या मानसोपचारतज्ज्ञाच्या विचारांचा प्रभाव होता. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणात माणसाच्या आत दडलेल्या इच्छा आणि बालपणीचे संघर्ष शोधले जात. सलिव्हन यांनी भर दिला तो माणसामाणसांतील नात्यांवर. माणूस नात्यांत घडतो, नात्यांत बिघडतो आणि चांगले नाते मिळाले तर त्यातच सावरू लागतो, असा त्या विचाराचा गाभा होता. पेप्लाऊबाईंनी हीच वाट निवडली, आणि त्यामागे व्यवहारी कारण होते. मनोविश्लेषण करायला खास खोली, ठरलेली वेळ आणि प्रशिक्षित डॉक्टर लागतो. नर्स मात्र रुग्णाबरोबर दिवसरात्र असते. जेवणाच्या ताटाजवळ, अंघोळीच्या वेळी, मध्यरात्री जाग आल्यावर. नाते हेच जर औषध असेल, तर ते देण्याची संधी नर्सइतकी कुणालाच मिळत नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ ह्या काळात त्या सैन्याच्या परिचारिका दलात दाखल होऊन इंग्लंडमधील लष्करी मानसोपचार इस्पितळात होत्या. आघाडीवरून परतलेले तरुण सैनिक, अंगावर एकही जखम नसलेले पण आतून मोडलेले, त्यांनी जवळून पाहिले. युद्धानंतर अमेरिकेत १९४६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा झाला. त्या कायद्याच्या घडणीसाठी झालेल्या प्रयत्नांत पेप्लाऊबाईंचाही सहभाग होता. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून एम.ए. आणि १९५३ साली डॉक्टरेट मिळवली.

त्या वेळची मनोरुग्णालये कशी होती, हे समजल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. १९५५ साली अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे राहत होती. इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणे, विजेचे झटके, मेंदूवरची शस्त्रक्रिया हे त्या काळचे उपचार होते. नर्सचे काम म्हणजे किल्ल्या सांभाळणे, रुग्ण मोजणे आणि डॉक्टरांचे हुकूम पाळणे. रुग्णाशी फार बोलू नये, असेच अनेक ठिकाणी शिकवले जाई.

अशा वातावरणात पेप्लाऊबाईंनी एक पुस्तक लिहिले. परिचर्येतील माणसामाणसांच्या नात्याविषयीचे ते पुस्तक १९४८ सालीच तयार होते. पण सहलेखक म्हणून कुणी डॉक्टर नसताना एका नर्सने असे पुस्तक काढावे, हे त्या काळी रुचणारे नव्हते. चार वर्षे हस्तलिखित पडून राहिले आणि अखेर १९५२ साली, एकट्या त्यांच्याच नावाने, प्रसिद्ध झाले. आज जगभर नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ पायाभूत म्हणून शिकवला जातो.

त्यात त्यांनी काय सांगितले? नर्स आणि रुग्ण प्रथम भेटतात तेव्हा ते एकमेकांना अनोळखी असतात, आणि अनोळखी माणसाला जो मान द्यायचा तो तिने रुग्णाला द्यायचा. मग नाते टप्प्याटप्प्याने पुढे जाते. आधी ओळख आणि अडचण काय आहे हे जाणून घेणे, मग विश्वास, मग त्या विश्वासाच्या आधारे रुग्णाने मिळेल त्या मदतीचा उपयोग करून घेणे, आणि शेवटी निरोप. निरोपही उपचाराचाच भाग. रुग्ण नर्सवर कायमचा अवलंबून राहिला, तर काम अपुरे राहिले. ह्या वाटेवर नर्स कधी शिक्षिका होते, कधी माहिती देणारी, कधी पुढे होऊन वाट दाखवणारी, कधी काही काळापुरती आईसारखी, आणि कधी समुपदेशक. मानसिक रुग्णांच्या बाबतीत ही शेवटची भूमिका त्यांना सर्वांत महत्त्वाची वाटे.

१९५४ साली त्या न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात आल्या आणि मानसिक आरोग्यात विशेष प्रावीण्य मिळवणाऱ्या नर्सेससाठी त्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. अशा प्रकारचा तो पहिलाच मानला जातो. त्यांच्या विद्यार्थिनी मनोरुग्णालयात जाऊन रुग्णाशेजारी बसत. झालेले संभाषण शब्दशः लिहून काढत आणि वर्गात त्याची तपासणी होई. कुठे नर्सने विषय बदलला? कुठे ती घाबरली? कुठे रुग्ण काही सांगू पाहत होता आणि तिने उगीच धीर देऊन त्याचे तोंड बंद केले? एखादा रुग्ण ते लोक माझ्या वाईटावर आहेत असे म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये आणि मानही डोलवू नये. ते म्हणजे कोण, हे शांतपणे विचारावे, असे त्या शिकवत. आपल्याकडच्या नर्सिंगच्या मुलींनाही मानसिक आजारांच्या वॉर्डात पाठवतात तेव्हा रुग्णाशी झालेला संवाद लिहून आणायला सांगतात. प्रोसेस रेकॉर्डिंगच्या त्या वह्यांमागे ही परंपरा आहे.

त्यांचे सर्वांत उपयोगी शिक्षण आहे ते चिंतेविषयी. चिंतेच्या त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पार घाबरगुंडी उडालेली अवस्था. सौम्य चिंतेत माणूस उलट अधिक सावध असतो, शिकू शकतो. मध्यम अवस्थेत त्याचे लक्ष आकुंचन पावते, पण कुणी आधार दिला तर तो विचार करू शकतो. तीव्र अवस्थेत त्याला तुकडे तुकडे दिसतात, त्यांची सांगड घालता येत नाही. आणि घाबरगुंडी उडाल्यावर तर कोणताही उपदेश कानात शिरत नाही. म्हणून उपचाराची पद्धत निवडण्याआधी रुग्ण कोणत्या पायरीवर आहे ते पाहायचे. जो थरथर कापतो आहे, त्याला कारण विचारून उपयोग नाही. त्याच्याजवळ शांतपणे थांबायचे, छोट्या वाक्यांत बोलायचे, गोंगाट कमी करायचा. तो खाली उतरला की मग विचारायचे: आपण चिंतेत आहोत हे त्याला जाणवते का? ती घालवण्यासाठी तो काय करतो? ती सुरू होण्यापूर्वी नेमके काय घडले होते? आणखी एक गोष्ट त्या बजावत. चिंता एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरते. घाबरलेली नर्स रुग्णाला शांत करू शकत नाही. तेव्हा तिने आधी स्वतःच्या मनाकडे पाहायला हवे.

पेप्लाऊबाईंची वाट सर्वांनाच मान्य होती असे नाही. नर्सने मानसोपचार करणे म्हणजे डॉक्टरांच्या क्षेत्रात घुसणे, असे अनेक डॉक्टरांना वाटे आणि काही नर्सेसनाही वाटे. त्याच काळात जून मेलो ह्या दुसऱ्या अमेरिकन नर्स वेगळा मार्ग सांगत होत्या. गंभीर रुग्णाला आधी जिव्हाळ्याचा, जखम भरून काढणारा अनुभव द्यावा, ह्यावर त्यांचा भर होता, तर पेप्लाऊबाईंचा भर रुग्णाला स्वतःची अडचण समजावी आणि त्याने त्यातून शिकावे ह्यावर. मग १९५४ पासून अमेरिकेत क्लोरप्रोमाझीन हे औषध वापरात आले आणि वर्षानुवर्षे कोंडलेले अनेक रुग्ण सावरू लागले. इस्पितळातील मुक्काम हळूहळू कमी झाला. ज्या नात्याला वेळ लागतो, त्याला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत नर्सेसना छळतो.

आज मानसोपचाराच्या पद्धती पुष्कळ आहेत. नैराश्य आणि भीती ह्यांत विचारांची व वागण्याची घडी बदलणारी पद्धत उपयोगी पडते. वारंवार स्वतःला इजा करून घेणाऱ्यांसाठी भावना आवरण्याचे कौशल्य शिकवणारी वेगळी पद्धत आहे. स्किझोफ्रेनियात औषध हवेच, आणि सोबत घरच्या मंडळींना आजाराची नीट माहिती दिली तर आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते, असे संशोधन सांगते. पद्धत कोणतीही असो, उपचार करणारा आणि रुग्ण ह्यांच्यातील विश्वासाचा परिणामाशी संबंध असतो, हेही अनेक दशकांच्या संशोधनातून दिसून आले आहे. पेप्लाऊबाईंनी जे वॉर्डात बसून ओळखले होते, ते असे वेगळ्या वाटेने पुढे आले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला मार्टिन बूबर भेटले होते. समोरच्याला वस्तू मानून बोलणे आणि त्याला माणूस मानून बोलणे ह्यांत केवढे अंतर आहे, हे त्यांनी जगाला दाखवले. ते ग्रंथात वाचणे सोपे. पण न बोलणाऱ्या, कपडे फाडणाऱ्या, आपल्यावर संशय घेणाऱ्या माणसाशेजारी रोज ठरलेल्या वेळी जाऊन बसणे ही ह्या तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा आहे.

पेप्लाऊबाई १९७० ते १९७२ ह्या काळात अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या अध्यक्षा होत्या. १९७४ साली त्या रटगर्समधून निवृत्त झाल्या, पण थांबल्या नाहीत. १४२५ साली स्थापन झालेल्या बेल्जियममधील लुव्हेनच्या जुन्या कॅथलिक विद्यापीठात जाऊन त्यांनी नर्सिंगच्या पदव्युत्तर शिक्षणाला हातभार लावला. १९९७ साली त्यांना क्रिस्टियाने रायमान पुरस्कार मिळाला. परिचारिकांच्या जगातील हा सर्वोच्च सन्मान. १७ मार्च १९९९ रोजी कॅलिफोर्नियात, वयाच्या नव्वदीला टेकलेल्या असताना, त्यांचे निधन झाले.

बंधु-भगिनींनो, हे चरित्र केवळ नर्सेससाठी नाही. आपल्याही आळीत एखादे घर असते, जिथे पाहुणे आले की आतल्या खोलीचे दार लोटले जाते. त्या खोलीतल्या माणसावर घरचे लोक आपापली पद्धत चालवतात. कुणी दटावतो, कुणी भगताकडे नेण्याचा सल्ला देतो, कुणी त्याची गोळी बंद करून केवळ प्रार्थना पुरे म्हणतो, तर कुणी गोळी तोंडात टाकली की झाले असे मानून पाठ फिरवतो. प्रार्थना जरूर करावी. तिच्यासाठी औषध सोडावे लागत नाही, आणि औषधामुळे सोबतीची गरज संपत नाही. म्हणून आमची विनंती आहे. अशा माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. लाज वाटत असेल तर निदान सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ ह्या क्रमांकावर फोन करा. आणि दिवसातून पंधरा मिनिटे, उपदेश न करता, त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसा. आज तो काही बोलणार नाही. उद्याही त्याच वेळी जा.