जमशेदजी टाटा
जमशेदजी नसरवानजी टाटा (३ मार्च १८३९, नवसारी – १९ मे १९०४, जर्मनी) हे भारतीय उद्योगपती होते. १८७७ मध्ये त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. भूशास्त्रज्ञ फोन श्वार्ट्झ यांच्या १८८२ च्या अहवालामुळे चांदा (आताचे चंद्रपूर) जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. खनिज फोडून, चाळून सारखे केले तरी ते वितळवण्यास योग्य कोळसा लागतो. वरोऱ्याचा कोळसा परीक्षणात त्यासाठी अयोग्य ठरला. खाणपरवान्याच्या सरकारी अटीही जाचक असल्याने योजना बारगळली. १८९९ मध्ये नियम शिथिल झाल्यावर त्यांनी ती पुन्हा हाती घेतली. पोलाद कारखाना मात्र त्यांच्या मृत्यूनंतर साकची (आताचे जमशेदपूर) येथे उभा राहिला.