ओटो लिलिएन्थाल

ओटो लिलिएन्थाल (२३ मे १८४८ – १० ऑगस्ट १८९६) हे जर्मन अभियंता आणि विमानविद्येचे आद्य प्रवर्तक होते. पक्ष्यांच्या पंखांचा मोजमापांनिशी अभ्यास करून त्यांनी माणसाला वाहून नेणारी ग्लायडर बनवली आणि त्यांतून सुमारे २,००० उड्डाणे केली.

जीवन

लिलिएन्थाल यांचा जन्म पोमेरेनियातील आन्क्लाम येथे झाला. लहानपणी ते धाकटे बंधू गुस्टाफ यांच्यासह करकोच्यांचे उड्डाण न्याहाळत. बर्लिनमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी तेथेच बाष्पित्रे व वाफेची इंजिने बनवण्याचा कारखाना काढला. या कारखान्याच्या उत्पन्नावर त्यांचे उड्डाणाचे संशोधन चालले.

संशोधन

फिरत्या दांड्याला निरनिराळ्या आकारांचे पृष्ठभाग जोडून त्यांवर हवेचा किती जोर पडतो, हे दोघा बंधूंनी मोजले. सपाट फळीपेक्षा पक्ष्याच्या पंखासारखा किंचित बाक असलेला पृष्ठभाग अधिक उत्थापक बल देतो, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष लिलिएन्थाल यांनी १८८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

ग्लायडर

१८९१ मध्ये डेर्विट्झ येथे त्यांनी सुमारे २५ मीटर अंतर कापले. पुढे हे अंतर २५० मीटरपर्यंत गेले. ग्लायडरचा सांगाडा विलोच्या काठ्यांचा असून त्यावर सुती कापड ताणलेले असे. वाहतुकीच्या सोयीसाठी पंख वटवाघळाच्या पंखांप्रमाणे मिटत. १८९४ मध्ये त्यांनी बर्लिनजवळ लिख्टरफेल्डे येथे सरावासाठी १५ मीटर उंचीची टेकडी उभारली. त्याच सुमारास एका नमुन्याच्या अनेक प्रती त्यांच्या कारखान्यात तयार होऊन विकल्या गेल्या. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की हे ग्राहकांपैकी एक होते.

मृत्यू

पंखांचा आकार पक्ष्याचा असला, तरी पंख पिळून तोल सावरण्याची पक्ष्याची क्षमता या यंत्रात नव्हती. चालकाला लोंबकळत आपले शरीर हलवूनच तोल राखावा लागे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टोल्नजवळील गोलेनबेर्ग टेकडीवरून उड्डाण करताना ग्लायडरचा वेग हवेतच मंदावला आणि ते सुमारे १५ मीटर उंचीवरून कोसळले. मानेचा मणका मोडल्याने दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

या मृत्यूच्या बातमीने अमेरिकेतील राइट बंधूंचे उड्डाणाविषयीचे कुतूहल पुन्हा जागे झाले. त्यांनी लिलिएन्थाल यांच्या कोष्टकांपासून सुरुवात केली व १९०१ मध्ये वातबोगद्यात स्वतःची मोजमापे घेतली. तोल राखण्यासाठी मात्र त्यांनी पंखच पिळण्याची योजना केली. १९०३ मधील त्यांच्या इंजिनयुक्त विमानात ती वापरली गेली.