विश्लेषण : ‘पंच’मध्ये पाचच जिन्नस का? ठाणे-कल्याणमार्गे जुन्नर गाठणाऱ्या डॉ. फ्रायरने काय नोंदवले?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या गृहसंकुलांमध्ये शनिवारी रात्री लिंबे पिळली जातात, बर्फ फोडला जातो आणि कुणीतरी मोबाइलवर कृती बघत पेय ‘मिक्स’ करते. मुलांच्या वाढदिवसाला तेच काम फळांचे रस आणि सोडा घेऊन होते. मोठ्या काचेच्या भांड्यातल्या या मिश्रणाला सर्रास ‘पंच’ म्हटले जाते. हा शब्द आपल्या ‘पाच’वरून आला, असे छापील पुस्तकात सांगणाऱ्यांपैकी सर्वात गाजलेला माणूस म्हणजे डॉ. जॉन फ्रायर. हा इंग्रज वैद्य १६७५ मध्ये ठाणे आणि कल्याण ओलांडून जुन्नरला गेला होता. शिवकाळाच्या अभ्यासकांना त्याचे नाव परिचित आहे, ते त्याच्या प्रवासवर्णनामुळे. त्याच पुस्तकात पंचही आहे आणि मुंबईतले इंग्रज कशाने मरत होते, याचा हिशेबही आहे.

कोण होता फ्रायर?

लंडनच्या विल्यम फ्रायर यांचा हा थोरला मुलगा. जन्म १६५० च्या सुमाराचा. केंब्रिजमध्ये वैद्यकाची पदवी घेऊन तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत शिरला आणि डिसेंबर १६७२ मध्ये जहाजावर चढला. तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. मच्छलीपट्टण, मद्रास आणि मलबार किनारा असे करत १६७३ च्या अखेरीस तो मुंबईत पोहोचला. बेट इंग्रजांकडे येऊन फार वर्षे झाली नव्हती आणि जेराल्ड ऑन्जियर तिथला कारभार बघत होता. बेटावर साठ हजार माणसे असावीत, असा फ्रायरचा अंदाज होता. पोर्तुगीज काळापेक्षा ती पन्नास हजारांनी वाढली, असेही तो सांगतो.

१६७४ च्या उन्हाळ्यात कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर गेला. फ्रायर स्वतः गेला नव्हता. पण त्या वकिलातीची हकिकत त्याने आपल्या पुस्तकात घेतली. महाराष्ट्रात त्याचे नाव टिकले ते बरेचसे यामुळे.

मुंबईत इंग्रज कशाने मरत होते?

वैद्य म्हणून फ्रायरला सर्वाधिक अस्वस्थ केले ते मृत्यूंनी. विलायतेहून आलेल्या पाचशे माणसांतली शंभरही उरत नाहीत, असा त्याचा हिशेब आहे. ताप, हगवण, जलोदर, हातपाय लुळे पडणे अशी दुखण्यांची यादी देऊन तो कारणांकडे वळतो. त्यांतल्या सर्वात वाईट कारणांमध्ये तो एका दारूचे नाव घेतो, ‘फूल रॅक’.

इथे त्याची एक मजेदार चूक झाली आहे. ही दारू समुद्रातल्या जेलीफिशपासून काढतात, असे त्याने लिहून ठेवले. हा बुळबुळीत प्राणी निरुपद्रवी दिसतो आणि हात लावला की खाजकुयलीसारखा आग करतो, हेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात ‘फूल’ म्हणजे आपले साधे फूलच. त्याच्या शंभरएक वर्षे आधी गार्सिया द ओर्ता या गोव्याच्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात याचा उलगडा केला होता. माडी उकळून वाफ थंड केली की आधी येणारा, सर्वात कडक अर्क म्हणजे ‘फूल’. तो इतका जहाल, की त्यात भिजवलेले कापड पेटते. मागाहून येणारी सौम्य दारू ती ‘उर्राक’, आणि तिच्यात थोडे फूल मिसळून ती विकायची. गोव्यात ‘उर्राक’ हा शब्द आजही चालतो. ओर्ता मुंबई बेटाचा भाडेपट्टेदारही होता, त्यामुळे माडांची बने आणि भंडाऱ्यांचा धंदा त्याला जवळून माहीत असणार. फ्रायरने बहुधा पोर्तुगिजांकडून शब्द ऐकला आणि अर्थ आपल्या मनाने लावला.

जेलीफिशची कथा खोटी असली तरी निदान खोटे नव्हते. उन्हाने आणि तापाने आधीच खंगलेली तरुण शिपाईगिरी न मिसळलेला कडक अर्क ढोसत होती.

ठाणे-कल्याणच्या वाटेवर काय घडले?

१६७५ च्या उन्हाळ्यात जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याने कंपनीकडे वैद्य मागितला आणि फ्रायरची रवानगी झाली. आज मुंबईहून जुन्नरला जायला काही तास पुरतात. तेव्हाच्या या एका प्रवासात चार राजवटी ओलांडाव्या लागत. मुंबई इंग्रजांची, साष्टी आणि ठाणे पोर्तुगिजांचे, खाडीपलीकडे कल्याण शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आणि घाटावर जुन्नर मोगलांकडे.

कल्याणने तो थक्क झाला. दख्खनच्या मुसलमान सत्तांना हळहळ वाटावी असे भव्य अवशेष त्याने तिथे पाहिले आणि त्यांच्या सावलीत उभी असलेली रहिवाशांची खोपटीही. एकेकाळच्या मोठ्या बंदराची ही अवस्था पोर्तुगीज आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांमुळे झाली, असे त्याचे मत पडले. पुढे मुरबाडवरून घाट चढताना त्याला अवघड वाट मिळाली. परत येताना तो नाणेघाटाने उतरला आणि ती वाट त्याला पुष्कळ सोपी गेली.

जुन्नरच्या जनानखान्यात त्याची परीक्षाच झाली. रुग्ण स्त्री पडद्याआड होती. नाडी बघायला बाहेर आलेला हात होता एका धडधाकट दासीचा. ही बाई ठणठणीत आहे, असे फ्रायरने सांगितल्यावरच खऱ्या रुग्णाचा हात पुढे आला. एकदा पडदा अचानक खाली पडला आणि आतल्या बायकांची पळापळ झाली. तेवढ्यात त्याला दिसले ते शिवणकाम, आणि मुरंबा-लोणच्यासाठी सोलून ठेवलेले आंबे. उन्हाळ्यातल्या घरचे इतके ओळखीचे चित्र तीनशे वर्षांपूर्वीच्या परदेशी वैद्याच्या पुस्तकात क्वचितच मिळते.

मग पंच कुठे भेटले?

जुन्नरहून परतल्यावर तो दक्षिणेला गोवा आणि कारवारकडे गेला. गोव्याच्या वर्णनात नेरुळ हे गाव येते. नवी मुंबईतले नेरुळ नव्हे, बार्देशमधले, मांडवीच्या मुखाजवळचे. तिथला अरक सर्वोत्तम, आणि किनाऱ्यावरचे इंग्रज त्यातूनच पंच तयार करतात, असे तो नोंदवतो. हिंदुस्थानी भाषेत पाचला पंच म्हणतात, जिन्नस पाच, म्हणून हे नाव, असा त्याचा खुलासा. लगेच वैद्य जागा होतो. पाच औषधी एकत्र करून केलेल्या युरोपीय औषधाला जसे संख्येवरून नाव पडते, तसेच हे, असे तो म्हणतो. पंचामृत किंवा पंचगव्य म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. पण या पेयाचे वर्णन करताना त्याने विशेषण वापरले ते माणसाला दुबळे करणारे, असे.

पाच जिन्नस कोणते, हे फ्रायर सांगत नाही. त्या काळच्या इतर नोंदींवरून दारू, लिंबू, साखर, पाणी आणि जायफळासारखा मसाला असा संच जुळतो. कुठे मसाल्याऐवजी गुलाबपाणी दिसते. व्युत्पत्तीबद्दलही वाद आहे. ‘पंच’ हा शब्द इंग्रजी पत्रात १६३२ मध्येच आढळतो आणि तो दारूच्या मोठ्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला असावा, असे काही अभ्यासक मानतात. चार जिन्नसांच्या पंचाच्याही नोंदी आहेत. तरी पाचाचे स्पष्टीकरण लोकांना पटले आणि तेच रूढ झाले.

प्रमाण किती होते?

याचे उत्तर मुंबई सरकारच्या १६९४ च्या एका हुकमात सापडते. खाणावळीत पंच प्यायला येणाऱ्याला एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबूपाणी मागण्याचा हक्क होता. पंच त्याने स्वतःच करून घ्यायचे. आजच्या मापात साधारण एक लिटर अरक, सव्वादोनशे ग्रॅम साखर आणि पाव लिटर लिंबू. भांड्यावर बाजार अधिकाऱ्याचा शिक्का नसेल, तर गिऱ्हाइकाने ते खुशाल फोडावे आणि भांड्याचे किंवा पंचाचे पैसेही देऊ नयेत, अशी तरतूद होती. मापात खोट करणाऱ्यांचा बंदोबस्त असाही होऊ शकतो.

हे प्रमाण घरी बिनदारूचे करून बघायचे तर अरकाऐवजी थंड केलेला कोरा चहा चालतो, मात्र साखर आणि लिंबू निम्म्याहून कमी करावे लागते. लिंबाची हिरवी साल साखरेत चोळली की सालीतले तेल उतरते. नंतर रस घालून साखर पूर्ण विरघळवायची. थंड चहात टाकलेली साखर तळाशी बसते, म्हणून हा क्रम. जायफळ शेवटी, किसणीवर दोन-तीनदाच. जास्त झाले की कडवटपणा येतो.

चव सुधारते, धोका का नाही?

आंबट आणि गोड एकत्र आले की दारूचा जाळ जिभेला कमी जाणवतो. दारू मात्र तेवढीच राहते. कडक अर्काचा घोट घशाला टोचतो, म्हणून माणूस थांबतो तरी. पंचाचा पेला सहज रिकामा होतो. फ्रायरच्या आधी हिंदुस्थानात राहून गेलेला फ्रेंच वैद्य बर्निये याने बंगालमधल्या इंग्रज-डच लोकांबद्दल हेच सांगितले आहे. पेय रुचकर, शरीराला अत्यंत घातक, आणि खलाशांना ते बंद केल्यावर आजार कमी झाले.

फ्रायर आणखी एक पाऊल पुढे गेला. मुंबईतल्या इंग्रज स्त्रियांची मुले अशक्त का राहतात, याचे कारण शोधताना त्याने अ‍ॅरिस्टॉटलचा आधार घेत आयांच्या मद्यपानाकडे बोट दाखवले. स्थानिक बायका कडक पेयांना शिवत नाहीत, म्हणून त्यांचे दूध सकस, असे त्याचे निरीक्षण होते. रक्त तापते वगैरे त्याची उपपत्ती आता कालबाह्य आहे, पण आईने घेतलेली दारू दुधात उतरते, हे आजचे वैद्यकही सांगते.

आज महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षांची वयोमर्यादा आहे, पिण्यासाठी परवाना लागतो आणि घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे. त्यामुळे नेरुळच्या अरकाचा प्रयोग स्वयंपाकघरात करता येणार नाही.

पुढे फ्रायरचे काय झाले?

सुरत, मग इराण, पुन्हा सुरत असे करत तो ऑगस्ट १६८२ मध्ये मायदेशी पोहोचला. पाचशेत शंभरही न उरणाऱ्या देशातून तो जवळपास दहा वर्षांनी जिवंत परतला होता. पुढच्याच वर्षी त्याने केंब्रिजची एमडी मिळवली, कालांतराने रॉयल सोसायटीचा सदस्यही झाला. प्रवासवर्णन मात्र त्याने सोळा वर्षे छापले नाही. आठ पत्रांच्या रूपातले ते पुस्तक १६९८ मध्ये लंडनला निघाले आणि दोन वर्षांत त्याचे डच भाषांतर आले. १९०९ ते १९१५ या काळात हॅक्लूट सोसायटीने विल्यम क्रूक यांच्या टिपांसह त्याचे तीन खंड काढले. अभ्यासक आज वापरतात ते हेच. फ्रायर १७३३ मध्ये वारला. त्या तीन खंडांत पंचाच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आले आहे.